'द रॅट पेट्रोल'मधली जीप भरलेली असती तर उडली असती का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटावर बेतलेल्या 'द रॅट पेट्रोल' या जुन्या अमेरिकी मालिकेत मशीनगन बसवलेल्या जीप वाळूच्या टेकाडाच्या माथ्यावरून हवेत उडी घेतात, पलीकडे आदळतात आणि न थांबता गोळीबार करत पुढे जातात. युद्धाचं सामान भरलेल्या जीपला हे जमलं असतं का? चार माणसं आणि दोन जीप एवढ्या बळावर शत्रूच्या पिछाडीला जाऊन परत येता येत होतं का? आणि आपल्याकडच्या जुन्या महिंद्र सीजे-३बीवर तशी जीप उभी करायची असेल तर कुठे लक्ष द्यावं?

रिकाम्या जीपला अशी उडी एखाददुसऱ्या वेळी सोसते. मोहिमेवर निघालेल्या जीपला ती सोसत नाही. फरक वजनाचा आहे आणि मालिकेत नेमकं वजनच कुठे दिसत नाही. टायरमध्ये हवा किती ठेवायची, पाणी किती लागेल, किती लांब जाता येईल, बंदूक कोणती बसवायची, वाळवंटातल्या गाडीचा कुठलाही प्रश्न घ्या, तो फिरून वजनापाशीच येतो.

मालिकेबद्दल आवश्यक तेवढंच सांगतो. एबीसी वाहिनीवर ती १२ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६८ पर्यंत चालली. अर्ध्या तासाचे ५८ रंगीत भाग. निर्मितीमागची कल्पना टॉम ग्राइस यांची. सार्जंट ट्रॉय झाले ख्रिस्तोफर जॉर्ज, ब्रिटिश सार्जंट मॉफिट झाले गॅरी रेमंड, आणि समोरचा जर्मन अधिकारी डीट्रिश झाले हान्स गुडेगास्ट, जे पुढे एरिक ब्रेडन या नावाने प्रसिद्ध झाले. सुरुवातीच्या भागांचं चित्रीकरण स्पेनमधल्या आल्मेरियाच्या रखरखीत मुलखात झालं. चित्रीकरणात एकदा जीप उलटली आणि जॉर्ज यांना गंभीर इजा झाली. त्या जीपवर मोहिमेचं ओझं नव्हतं, हे लक्षात ठेवून पुढचे आकडे वाचा.

अमेरिकी सैन्याच्या त्या काळच्या विलीज एमबी जीपचं स्वतःचं वजन सुमारे १,१०० किलो. रस्ता सोडून चालताना तिच्यावर ८०० पौंड, म्हणजे साधारण ३६० किलो भार टाकावा असं ठरवून दिलेलं होतं. आता भरायला घेऊ. मालिकेत दिसतात तशी एका जीपवर दोन माणसं, १५० किलो. मागे उभी असलेली अर्ध्या इंचाची ब्राउनिंग एम-२ मशीनगन, नुसती बंदूक ३८ किलो. तिच्या शंभर गोळ्यांचा पट्टा भरलेली पेटी सुमारे १६ किलोची; दहा पेट्या १६० किलो. पेट्रोलचे वीस लिटरचे दहा जेरीकॅन, डब्यासकट १९० किलोच्या वर. पाण्याचे दोन कॅन, जवळपास ५० किलो. इथेच बेरीज ५९० झाली. अजून बंदुकीचा खांब, अंथरूण-पांघरूण, जेवणाचे डबे, हत्यारांची पेटी, जाळी, फावडी, वाळूत घालायच्या पट्ट्या आणि सुटे भाग धरलेले नाहीत. म्हणजे ठरलेल्या भाराच्या दुपटीच्या आसपास ओझं घेऊन, सतराशे-अठराशे किलोची गाडी पहिला किलोमीटर चालायला लागते.

ही गाडी माथ्यावरून उडून ६० सेंटिमीटर खाली पडली असं धरा. टायर, पाटे (म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि वाळू मिळून तिला १५ सेंटिमीटरमध्ये थांबवतात असं मानलं तर सरासरी भार वजनाच्या पाचपट होतो, म्हणजे पावणेनऊ टन. चारही चाकं एकदम टेकली तर हा हिशोब. प्रत्यक्षात पुढची दोन आधी टेकतात आणि बराचसा मार पुढच्या ॲक्सलच्या हौसिंगला आणि पुढच्या पाट्यांना बसतो. आधी मुख्य पाट्याच्या टोकाचा डोळा जातो किंवा मधला बोल्ट तुटतो. बोल्ट तुटला की हौसिंग पाट्यावर मागे सरकतं, स्टेअरिंगचा दांडा ओढला जातो आणि गाडी एका बाजूला खेचते. वरच्या सामानालाही तोच पाचपट झटका बसतो. वीस किलोचा जेरीकॅन त्या क्षणी पट्ट्याला शंभर किलोने ओढतो, आणि पट्टा सुटलेला कॅन माणसाच्या पाठीत बसतो. चित्रीकरणात उतारावर टेकवून, मऊ वाळूवर, हलक्या गाडीने हे साधता येतं, आणि त्या गाडीला दुसऱ्या दिवशी तीनशे किलोमीटर जायचं नसतं.

टेकाडाच्या आकाराचाही विचार करावा लागतो. वाऱ्याकडची बाजू मंद चढाची आणि बऱ्यापैकी दाबलेली असते. पलीकडची घसरती बाजू जवळजवळ ३३ अंशांची, मोकळ्या वाळूची असते. चढणाऱ्या चालकाला ती दिसत नाही. भर दुपारी तर सावलीच नसल्यामुळे माथा कुठे संपतो तेही कळत नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनॉल्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी १९२०-३० च्या दशकांत इजिप्त-लिबियाच्या वाळूत फोर्ड गाड्या चालवून दाखवून दिलं होतं की मोठं टेकाड चढायला वेग लागतो. थांबत-थांबत कोणी चढत नाही. पण त्याच वेगाने माथा ओलांडायचा नसतो. वर पोचता पोचता पाय सोडायचा, गाडी माथ्याला काटकोनात ठेवायची, नाक जरा पलीकडे झुकलं की थांबून उतरायचं आणि पुढची बाजू बघायची. तोंड उताराकडे करून थांबलेली गाडी पुन्हा सहज निघते. उतरताना खालचा गिअर, स्टेअरिंग सरळ, ब्रेकवरून पाय बाजूला. मागचा भाग घसरून आडवा यायला लागला तर किंचित ॲक्सिलरेटर दिला की गाडी सरळ होते. ब्रेक दाबला तर ती आडवी होते, आणि घसरत्या बाजूवर आडवी झालेली जीप उलटते. जीपच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम १.२५ मीटर आहे. त्यात मागे उंच खांबावर बंदूक आणि तिच्यामागे उभा माणूस.

आता टायर. सहा इंची, सोळाच्या रिमचे टायर, रस्त्यावर ३५ पौंड हवा. भरलेल्या जीपच्या एका चाकावर सुमारे ४४० किलो येतात. ३५ पौंडांवर त्या चाकाचा वाळूवर टेकणारा भाग साधारण १८० चौरस सेंटिमीटर. हवा १५ पौंडांवर आणली की तोच भाग चारशेच्या पुढे जातो. टायरच्या भिंतीचा ताठपणा सोडून दिलेला हा ढोबळ हिशोब आहे, पण गाडी रुतते की तरते ते एवढ्यावर ठरतं. १५ च्या खाली जाताना सांभाळावं. साध्या रिमवर टायर आतल्या आत फिरतो, ट्यूब त्याच्याबरोबर सरकते आणि तिचा हवा भरायचा वॉल्व्ह मुळापासून फाटतो. असा वॉल्व्ह फाटला की ती ट्यूब पॅच लावून वाचत नाही. आणि वाळू संपून खडीचं मैदान लागलं की हवा परत भरायलाच हवी, नाहीतर मऊ टायरची बाजू दगडावर चिरते. हातपंपाने चार टायर भरायला बराच वेळ आणि तितकंच पाणी जातं, म्हणून माणसं कंटाळा करतात. तो कंटाळा पुढे टायर खातो.

रुतल्यावर काय करायचं ते मालिकेत क्वचित दिसतं, आणि खऱ्या गस्तीचा मोठा वेळ तर त्यातच जायचा. चाक जागेवर फिरायला लागलं की त्याच क्षणी थांबायचं. आणखी दोन सेकंद ॲक्सिलरेटर दिला तर हौसिंग वाळूवर टेकतं आणि मग चाकं कितीही मोकळी केली तरी गाडी पोटावर बसलेली राहते. फावड्याने चारही चाकांपुढची वाळू उताराने काढायची. बहुतेक जण फक्त मागची काढतात आणि पुढची चाकं वाळूची भिंत ढकलत राहतात. पोटाखालची वाळूही काढायची. मग भोकं पाडलेल्या पोलादी पट्ट्या, सुमारे दीड मीटर लांबीच्या, मागच्या चाकांना अगदी चिकटवून घालायच्या. बोटभर फट राहिली तर चाक पट्टीवर चढण्याऐवजी तिला मागे फेकतं, म्हणून पट्टीच्या मागे कोणीही उभं राहू नये. फोर व्हील, लो रेंज, दुसरा गिअर. पहिल्या गिअरमध्ये चाकाला गरजेपेक्षा जास्त जोर मिळतो आणि ते फिरतं. गाडी निघाली की कडक जमीन लागेपर्यंत थांबायचं नाही. पट्ट्या उचलून माणसं मागून चालत येतात. सकाळी वाळू थंड आणि घट्ट असते, म्हणून अवघड टप्पा पहाटे काढणं शहाणपणाचं. दोन गाड्या मऊ वाळूत एकामागोमाग चालवू नयेत. पहिलीने वरचा पापुद्रा फोडलेला असतो आणि दुसरी त्यात रुतते. थोडं अंतर ठेवून शेजारी-शेजारी चालवाव्यात.

इंजिन उकळणं हा सर्वांत रोजचा त्रास. जीपच्या गारव्याच्या यंत्रणेत सुमारे साडेदहा लिटर पाणी बसतं. खालच्या गिअरमध्ये, मऊ वाळूत, मागून वारा असेल तर पंख्याला ताजी हवाच मिळत नाही आणि रेडिएटर उकळतो. ती वाफ जशी बाहेर जाते तसं पिण्याचं पाणी जातं. म्हणून लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या वाळवंटात दूरवर गस्त घालणाऱ्या ब्रिटिश गटाच्या शेव्हरोले ट्रकांना आणि पुढे एसएएस या ब्रिटिश छापामार दलाच्या जीपना पुढच्या बाजूला एक डबा जोडलेला असे. रेडिएटरची वाफ बाहेर टाकणारी नळी त्या डब्यात तळापर्यंत सोडायची आणि डबा अर्धा पाण्याने भरायचा. रेडिएटर उकळला की वाफ नळीतून डब्यातल्या थंड पाण्यात शिरते आणि तिचं पाणी होतं. इंजिन निवलं की रेडिएटरमध्ये पोकळी तयार होते आणि तेच पाणी नळीतून परत खेचलं जातं. सगळं अवलंबून आहे ते रेडिएटरचं झाकण हवाबंद असण्यावर. झाकणाची वायसर कडक झाली असेल तर पाण्याऐवजी झाकणातून हवा आत येते आणि डब्यातलं पाणी तिथेच राहतं. डबा काठोकाठ भरला तर उकळी आल्यावर पाणी बाहेर उडतं. फार रिकामा ठेवला तर नळीचं टोक उघडं पडतं आणि परत हवाच खेचली जाते. डब्यात जोरात खदखद ऐकू आली की तोंड वाऱ्याकडे करून थांबायचं आणि इंजिन मंद चालू ठेवायचं. एकदम बंद केलं तर पाण्याचा पंप थांबतो आणि हेड तापतं.

एसएएसने जीपच्या रेडिएटरपुढच्या जाळीच्या बऱ्याच पट्ट्या कापून काढल्या होत्या, त्या हवेसाठी. पुढची काचही काढून टाकत. तिची चमक विमानातून फार दुरून दिसते. हवेच्या गाळणीतलं तेल रोज बदलायचं, धुळीच्या वादळानंतर लगेच. ही बारीक धूळ इंजिनात गेली की रिंगा घासल्या जातात आणि काही दिवसांत तेल पिणारं इंजिन हातात राहतं. दुपारी गाडी चालता चालता बंद पडली आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू झाली, तर बहुधा पेट्रोल पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, इतकंच.

पेट्रोलचा हिशोब असा. टाकी ५७ लिटरची, चालकाच्या बैठकीखाली. सैन्याच्या कागदावर एका टाकीत ४८० किलोमीटर. मऊ वाळूत, ओझ्यासकट, त्याचं निम्मं धरावं. लिटरला चार किलोमीटर. दहा कॅन आणि टाकी मिळून हजार किलोमीटर होतात, म्हणजे जाताना पाचशे आणि येताना पाचशे, आणि त्यातही चुकलेल्या वाटेसाठी शिल्लक ठेवायची. मालिकेतल्या जीपवर दिसणारे दोन-चार कॅन घेऊन असा पल्ला गाठता येत नाही. ब्रिटिशांचे आधीचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे तर इतके गळत की प्रवासात वाटेतच मोठा हिस्सा वाया जाई. जर्मन जेरीकॅन हाती लागले तेव्हा सैनिकांनी ते जपून ठेवले, आणि पुढे ब्रिटिशांनी तशाच धाटणीचे बनवायला घेतले. पातळ डब्याचा खरा उपयोग चहाला झाला: डबा मधोमध कापायचा, वाळू भरायची, पेट्रोल ओतून काडीने ढवळायचं आणि पेटवायचं.

दोन जीपना वाट कशी सापडत होती, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या मते मालिकेतली सगळ्यात मोठी गाळलेली गोष्ट हीच आहे. पोलादी गाडीत साधा चुंबकी होकायंत्र खोटं दाखवतो. तो वापरायचा तर गाडीपासून चांगलं दहा-पंधरा पावलं लांब जाऊन वापरायचा. चालत्या गाडीसाठी बॅगनॉल्ड यांनी सुधारलेला सूर्य-होकायंत्र होता: अंशांच्या खुणा असलेली चकती आणि मध्ये उभी तार. तारेची सावली ठरलेल्या खुणेवर राहील अशी गाडी चालवायची, आणि सूर्य सरकतो तशी चकती तक्त्यानुसार फिरवत राहायची. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली इतकी आखूड होते की वाचताच येत नाही. तेवढा वेळ थांबायचं. माणसांना आणि इंजिनालाही ते हवंच असतं. अंतर मोजायला किलोमीटरचा काटा, पण वाळूत चाक घसरतं म्हणून काटा जास्त दाखवतो. ती घसरण किती धरायची हे प्रत्येक गाडीसाठी आधी तपासावं लागतं. दिशेत एक अंशाची चूक शंभर किलोमीटरवर पावणेदोन किलोमीटर होते. रात्री थिओडोलाइट या कोन मोजायच्या यंत्राने ताऱ्यांची उंची घ्यायची आणि अचूक घड्याळाशी मेळ घालायचा. घड्याळ रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांशी रोज लावायचं. घड्याळ चार सेकंद चुकलं तर लिबियाच्या अक्षांशांवर जागा दीड किलोमीटरहून जास्त सरकते. टेकाडांच्या मुलखात पुरून ठेवलेलं पाणी शोधताना एवढी चूक पुरेशी असते.

गोळीबाराकडे येतो. एम-२ मिनिटाला साधारण पाचशे गोळ्या झाडते. शंभराची पेटी बारा सेकंदांत संपते, म्हणजे १६० किलोचा दारूगोळा घेऊन दोन मिनिटं. पडद्यावर एकेका भागात ती केवढा वेळ चालू असते ते घड्याळ लावून बघा. उड्या मारणाऱ्या जीपवर बंदुकीचं तोंड एक अंश हललं तरी तीनशे मीटरवर गोळी पाच मीटर बाजूला जाते, आणि खडबडीत जमिनीवर ते एका अंशावर थांबत नाही. १९४२ मध्ये एसएएसने जीपवर मुख्यतः व्हिकर्स-के बंदुका बसवल्या, त्याही जोडीने. या विमानातल्या मशीनगन; एकीचं वजन नऊ-दहा किलो, वेग मिनिटाला हजार गोळ्यांच्या आसपास, वर गोळ्या भरायची गोल चकती. शंभराच्या चकतीत तीन-चार गोळ्या कमी भरत, कारण पूर्ण भरली तर स्प्रिंग अडखळते. चकती पाच-सहा सेकंदांत रिकामी होते, म्हणून भरलेल्या चकत्यांचा ढीग हाताशी लागतो. हलकी बंदूक आणि जवळून मारा, असा तो मेळ होता.

तो कसा वापरला ते २६ जुलै १९४२ च्या रात्री इजिप्तमधल्या सिदी हनेशच्या विमानतळावर दिसलं. एसएएसचे संस्थापक डेव्हिड स्टर्लिंग यांच्याकडे १८ जीप होत्या. माइक सॅडलर यांनी अंधारात, दिवे न लावता त्यांना वाळवंटातून धावपट्टीपर्यंत नेलं. मग जीपनी दोन ओळी केल्या, बंदुका बाहेरच्या बाजूंना, आणि उभ्या विमानांच्या मधून हळूहळू चालत गेल्या. जवळपास तीन डझन विमानं जळाली किंवा निकामी झाली. तिथे कोणी उड्या मारल्या नाहीत. वेग वाढला असता तर ओळ मोडली असती आणि एका जीपच्या गोळ्या दुसरीला लागल्या असत्या.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पिछाडीला जाऊन परत येणं शक्य होतं, पण दोन जीपच्या भरवशावर कोणी जात नसे. मागे ट्रक लागत, पुरून ठेवलेले साठे लागत, रेडिओ लागे. लाँग रेंज डेझर्ट ग्रुप १९४० च्या उन्हाळ्यात कैरोत उभा राहिला, पहिल्या तुकड्यांत मुख्यतः न्यूझीलंडचे सैनिक होते. त्यांचं सगळ्यात मोलाचं काम गोळीबाराचं नव्हतंच. १९४२ मध्ये मार्चपासून जुलैपर्यंत त्यांनी लिबियाच्या किनारी रस्त्यावर, इटालियनांनी उभारलेल्या कमानीजवळ, अखंड पाळत ठेवली. रोज दोन माणसं पहाटेच्या अंधारात रस्त्यापासून काहीशे मीटरवर जाऊन आडवी होत आणि अंधार पडेपर्यंत तशीच पडून राहत. जाणारी-येणारी प्रत्येक गाडी, तोफ, रणगाडा वहीत लिहीत. दिवसभर उठायचं नाही, पाणी जवळ असेल तेवढंच. यावर अर्ध्या तासाचा भाग कोणी काढला असता तर मला तो फार आवडला असता.

ब्रिटनमध्ये मालिका दाखवायला घेतली तेव्हा जुन्या सैनिकांनी जोरदार आक्षेप घेतला आणि बीबीसीने ती थोड्याच भागांनंतर थांबवली. राग रास्त होता. अमेरिकी सैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं ८ नोव्हेंबर १९४२ रोजी आणि ट्युनिशियातली लढाई संपली १३ मे १९४३ रोजी. त्याआधीची सव्वादोन वर्षांहून जास्त लढाई ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर, दक्षिण आफ्रिकी आणि भारतीय सैनिकांनी लढली होती. ट्रॉयच्या डोक्यावर ऑस्ट्रेलियन टोपी आहे, पण गस्तीत ऑस्ट्रेलियन एकही नाही. भारतीय तर पडद्यावर जवळजवळ नाहीतच. वास्तवात भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांमधल्या सैनिकांचा इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन होता आणि तो याच गटाच्या बरोबरीने वाळवंटात गस्त घालत होता. पाणी गार ठेवायच्या कॅनव्हासच्या छागली आणि वाळूत बूट नकोसे झाल्यावर घालायच्या सरहद्दीच्या चपला या दोन्ही गोष्टी तिथे भारतातून गेल्या होत्या.

मराठी वाचकाला तर एक तारीख ठाऊक असायला हवी: २० जून १९४२. लिबियाच्या किनाऱ्यावरच्या तोब्रुक बंदराच्या आग्नेय बाजूची फळी ११व्या भारतीय ब्रिगेडकडे होती आणि जर्मन सेनापती रोमेलचा मुख्य घाव पडला तो तिथल्या ५व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर. रणगाडे अडवायचा खंदक वाळूने बुजत आला होता आणि पुष्कळ सुरुंग आधीच काढून दुसरीकडे नेले होते. विमानांच्या मोठ्या माऱ्यानंतर रणगाडे त्या बुजलेल्या खंदकावरून आत आले. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. वाळवंटातली लढाई समजून घ्यायची तर मला तो बुजलेला खंदक कुठल्याही उडत्या जीपपेक्षा जास्त सांगून जातो.

मालिका बघताना गाड्या ओळखायची एक खूण. जर्मनांच्या म्हणून दाखवलेल्या अर्धपट्टा गाड्या (पुढे चाकं, मागे रणगाड्यासारखा पट्टा) बहुतेक अमेरिकी एम-३ आहेत, नुसता रंग आणि क्रॉस लावलेला. एम-३च्या पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो, म्हणून पुढे हौसिंगचा गोळा दिसतो, आणि पट्टा रबराचा सलग असतो. खऱ्या जर्मन गाडीची पुढची चाकं नुसती गाडी वळवतात, आणि पट्ट्याच्या आतली मोठी चाकं एकमेकांवर चढलेली असतात.

आता सीजे-३बी. महिंद्रने स्वातंत्र्यानंतर विलीजची जीप भारतात जोडायला घेतली आणि पुढे सीजे-३बी इथे वर्षानुवर्षं बनत राहिली, त्यामुळे पाया घराण्यातलाच आहे. चाकांच्या जोड्यांमधलं अंतर ८० इंच, तेच. इंजिनही २.२ लिटरचंच, पण सीजे-३बीच्या इंजिनात इनटेक वॉल्व्ह वर असल्याने ते उंच आहे, म्हणून बोनेट उंच. ते एमबीसारखं खाली आणायच्या भानगडीत पडू नका. त्यासाठी इंजिनच बदलावं लागतं. जाळीत एमबीला नऊ फटी, सीजेला सात. एमबीला मागे उघडणारी फळी नाही. तिथे स्टेपनी आणि जेरीकॅनचा कंस आहे. स्टेअरिंग उजवीकडून एमबीसारखं डावीकडे न्यायचा खर्च माझ्या मते व्यर्थ आहे.

बंदुकीची प्रतिकृती लाकडाची किंवा पत्र्याची असली तरी खांब खरा करावा लागतो, कारण फिरताना माणसं त्यालाच धरतात. तो जमिनीच्या पत्र्यावर नुसता वेल्ड केला तर वर्षभरात वेल्डच्या कडेने तडा जातो. खालून चार-पाच मिलिमीटरची प्लेट घालून ती चेसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत न्या, आणि खांबाला मागे दोन तिरपे पाय द्या. मूळ खांबांनाही असे पाय असत. आधी जमिनीचा पत्रा गंजला आहे का ते ठोकून बघा. जुन्या सीजेत मागच्या बाकांखाली आणि टाकीच्या भोवती गंज हमखास असतो. जेरीकॅन लावायचे तर भरलेले बाजूला टांगू नका. दोन मागे, बाकीचे रिकामे. पाट्यांचे यू-बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, आणि ओझं जास्त वाटलं तर पाटा वाढवण्याआधी ओझं कमी करा. जास्त पाटे घातलेली रिकामी जीप खड्ड्यात चेसिसला मार देते.

वाफेचा डबा शोभेसाठी लावणार असाल तर तो चालू स्थितीत लावा, काम थोडंच आहे. दोन-तीन लिटरचा पत्र्याचा डबा, तळापासून बोटभर वर संपणारी तांब्याची नळी, डब्याच्या झाकणाला हवेसाठी एक छोटं भोक. रेडिएटरचं झाकण मात्र वॉल्व्ह नसलेलं, चांगल्या वायसरचं हवं. इंजिन तापवून उकळू द्या, बंद करून तासभर निवू द्या, मग डब्यातली पातळी बघा. ती आधीच्या खुणेवर आली तर सगळं हवाबंद आहे. पातळी वरच राहिली तर आधी झाकणाची वायसर बदला, मग नळीची क्लिप आवळा, आणि तरीही पाणी परतलं नाही तर नळीचं टोक पाण्यात बुडालेलं आहे का ते तपासा.